व्हिसा नेमका कुणाच्या नावावर?

अमेरिकेत रविवारच्या छापील वर्तमानपत्रात अजूनही काही नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. सॉफ्टवेअर इंजिनिअर पाहिजे, पदवी अमुक, अनुभव तमुक. काहींमध्ये अर्ज टपालाने पाठवा, असंही असतं. ज्या कंपन्यांनी जगाची कागदाची सवय सोडवली, त्यांच्याच या जाहिराती. त्या लोकांनी वाचाव्यात म्हणून छापलेल्या नसतात. कुणाच्या नजरेस पडल्या नाहीत तर छापणाऱ्याला बरंच वाटतं. परदेशी कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करायची, तर या जागेसाठी पात्र अमेरिकन मिळाला नाही हे कंपनीला आधी श्रम खात्याला दाखवावं लागतं. त्यासाठी दोन वेगवेगळ्या रविवारी छापील जाहिरात द्यावी, असा नियम आहे. या सगळ्या सोपस्काराला 'पर्म' म्हणतात.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने यावरून फेसबुकवर कारवाई सुरू केली. प्रश्न २,६०० हून अधिक जागांचा होता आणि सरासरी पगार सुमारे १ लाख ५६ हजार डॉलर. खात्याचं म्हणणं असं, की पर्मच्या या जागांपैकी ९९.७ टक्के जागांना एक अर्ज आला किंवा तोही आला नाही. पण कंपनीच्या संकेतस्थळावर नेहमीसारख्या जाहीर झालेल्या तशाच जागांवर शंभर-शंभर अर्ज पडत होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच्या रकमेवर तडजोड झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलनेही साधारण अशाच आरोपावरून अडीच कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

यावर एक बाजू म्हणते, बघा, आमच्या नोकऱ्या कशा चोरल्या जातात. दुसरी म्हणते, नियमच इतका खुळा आहे की कंपनीने दुसरं करावं तरी काय? मला दोघांचंही निम्मं पटतं. कंपनीला माणूस शोधायचाच नव्हता. तो चार-सहा वर्षांपासून त्याच खुर्चीत बसलेला होता. पण मग तो आधी त्या खुर्चीत बसला तेव्हा स्थानिक माणूस शोधायची सक्ती होती का? बहुतेक कंपन्यांवर नव्हती. एच-वन-बी, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्याच्या तात्पुरत्या नोकरी-व्हिसाच्या दारावर शोधाशोध नाही आणि सहा वर्षांनी घर थाटल्यावर मात्र शोधाचं नाटक, अशी ही उलटी रचना आहे. या वादात ज्यांचा आवाज मोठा आहे ते माणसं मोजत बसतात. आत किती आले, किती यावेत, कुठल्या देशातून आले. आपल्याकडची बातमीही याच मोजणीवर थांबते, त्यात 'आपले' किती एवढंच काय ते आपण वाचतो. माझ्या मते आकडा दुय्यम आहे. खरा प्रश्न हा, की आत आलेल्या माणसाचा व्हिसा कुणाच्या हातात असतो.

आकड्याचा इतिहास आधी थोडक्यात सांगून टाकतो. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने आजचा एच-वन-बी जन्माला आला आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा ठरली. वायटूके (सन २००० लागताच संगणक बिघडतील ही धास्ती) आणि डॉट-कॉमच्या तेजीत ती आधी १ लाख १५ हजार आणि मग १ लाख ९५ हजार झाली. २००४ पासून पुन्हा ६५ हजार, आणि अमेरिकी विद्यापीठांतून मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेणाऱ्यांसाठी आणखी २० हजार. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. तेव्हापासून स्मार्टफोन आला, क्लाउड आलं, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मध्ये दोन मोठ्या मंद्या येऊन गेल्या. आकडा जागचा हलला नाही. तो कायद्यातच लिहिलेला आहे, त्यामुळे बाजार तापला म्हणून वाढत नाही आणि थंडावला म्हणून घटत नाही.

अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून लॉटरी. तिची गंमत अशी, की नाव नोंदवायला फक्त १० डॉलर लागायचे आणि एकाच उमेदवारासाठी चार कंपन्यांनी चार नोंदी केल्या तरी चालायचं. २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी ७ लाख ८० हजारांवर नोंदी झाल्या. त्यातल्या ४ लाखांहून अधिक अशा उमेदवारांच्या होत्या, ज्यांचं नाव एकाहून जास्त वेळा टाकलं होतं. मग 'एक माणूस, एक चिठ्ठी' असा नियम झाला आणि पुढच्याच वर्षी नोंदी ४ लाख ८० हजारांवर आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी शुल्क २१५ डॉलर झालं, नोंदी साडेतीन लाखांच्या आसपास उतरल्या. माणसं तीच, कंपन्या बहुतेक त्याच. दोन वर्षांत कुणाची नियत बदलली नव्हती, बदलला होता नियम. या वादात नियतीवर फार बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता 'कमतरता' या शब्दाकडे. बिल गेट्स २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांपुढे बसून सांगत होते की इंजिनिअर पुरेसे मिळत नाहीत, व्हिसा वाढवा. विरोधक तेव्हाही म्हणत, कमतरता असेल तर पगार भराभर वाढलेले दिसले पाहिजेत. तुम्हाला इंजिनिअर नकोत, स्वस्त इंजिनिअर हवेत. अर्थतज्ज्ञांचे निष्कर्ष दोन्ही बाजू आपापल्या सोयीने फेकतात. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांनी हिशेब मांडला, की १९९० च्या दशकात परदेशी संगणकतज्ज्ञ तितके आले नसते, तर २००१ साली अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. पेरी, शिह आणि स्पार्बर यांना १९९० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या शहरांत उलटं दिसलं: जिथे विज्ञान-तंत्रज्ञानातले परदेशी लोक जास्त आले, तिथे स्थानिक पदवीधरांचे पगार जास्त वाढले. यात खरं तर विरोध नाही. पहिला निष्कर्ष शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल आहे, दुसरा अख्ख्या शहराबद्दल. शहराचं भलं होतं, वस्तू आणि सेवा स्वस्त होतात, कंपन्या वाढतात. आणि नेमक्या त्याच कामाच्या माणसाला थोडी झळ बसते. धोरण आखणाऱ्याने दोन्ही एका श्वासात सांगायला हवं. सांगणारे क्वचितच भेटतात.

दार बंद केलं की नोकरी स्थानिकाच्या पदरात पडते, हेही गृहीत धरू नये. ब्रिटा ग्लेनन यांच्या संशोधनात दिसलं, की २००४ च्या कपातीनंतर एच-वन-बीवर जास्त विसंबलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपल्या परदेशी शाखांत भरती वाढवली. ती मुख्यत्वे कॅनडा, भारत आणि चीनमध्ये. काम बाहेर गेलं, माणूस आत आला नाही आणि अमेरिकन जिथे होता तिथेच राहिला.

तरीही अमेरिकन कर्मचाऱ्याचा राग खोटा म्हणून झटकता येणार नाही. २०१४-१५ मध्ये ऑरलँडोच्या डिस्नेने माहिती तंत्रज्ञान विभागातले सुमारे २५० लोक काढले आणि जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवायला सांगितलं. येणाऱ्यांत कंत्राटदार कंपन्यांच्या व्हिसावर आलेले लोक होते. आपलीच खुर्ची दुसऱ्याला झाडून द्यायची आणि वर ती कुठून मोडकी आहे हेही दाखवायचं! प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे टिकलं नाही. ते का टिकलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. स्थानिक कर्मचाऱ्याला हटवू नका, अशी अट कायद्यात आहे, पण ती फक्त 'एच-वन-बी-अवलंबी' ठरलेल्या कंपन्यांना, म्हणजे मोठ्या कंपनीत १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक या व्हिसावर असतील तर. त्यांनाही पळवाट आहे: कर्मचाऱ्याला वर्षाला ६० हजार डॉलर द्या किंवा त्याच्याकडे मास्टर्स असू द्या, की अट लागू नाही. हे ६० हजार १९९८ साली ठरले आणि तिथेच गोठले. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यक पगार आज १ लाख ३० हजार डॉलरच्या वर आहे. उंबरठा इतका झिजला की त्याला अडखळणार कोण?

पगाराच्या पायऱ्यांचं दुखणं असंच आहे. 'प्रचलित वेतना'च्या, म्हणजे या व्हिसावरच्या माणसाला किमान द्यायच्या पगाराच्या, चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्या विशिष्ट भागातल्या विशिष्ट कामाच्या पगारांची उतरंड लावली, तर पहिली पायरी तळापासून १७ टक्क्यांवर येते, दुसरी ३४ वर, तिसरी बरोबर मध्यावर आणि चौथी ६७ वर. म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या माणसाहून त्याच कामाचे दोनतृतीयांश लोक जास्त कमावतात. डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवलं, की मंजूर झालेल्या एच-वन-बी पदांपैकी ६० टक्के पहिल्या दोन पायऱ्यांवर होती. 'जगातली सर्वोत्तम बुद्धिमत्ता' आणायची भाषा करायची आणि ती मध्यकाच्या खालच्या पगारावर, असं तर चालणार नाही. यावर कंपन्या म्हणतात, पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिल्या पायरीवर नसेल तर कुठे असेल? मुद्दा रास्त आहे. पण दरवाजाच मुळात दुर्मिळ कौशल्यासाठी उघडला असेल, तर नवख्यांची इतकी गर्दी का, याचं उत्तर त्यात नाही.

खरी गोष्ट मला इथून पुढे सुरू होते असं वाटतं. स्वस्त असणं हा या माणसाचा एकमेव गुण नाही, कदाचित मुख्यही नाही. तो सोडून जात नाही, हा मुख्य गुण.

एच-वन-बीचा अर्ज माणूस करत नाही, कंपनी करते. नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ही सवलतसुद्धा २०१७ पासूनची. तेवढ्यात नवीन कंपनीने अर्ज भरला नाही आणि दुसरा कुठला दर्जाही मिळाला नाही, तर देश सोडायचा. घराचा हप्ता, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत आवरायचं. २०२२ च्या अखेरीस मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी एकामागून एक कपात सुरू केली, तेव्हा अमेरिकन सहकाऱ्याची नोकरी गेली आणि याची नोकरीबरोबर राहण्याची परवानगीही गेली. दोघांचा ई-मेल एकाच सकाळी आला असला, तरी दोघांवरचा प्रसंग एक नव्हता.

हे मान्य करायला हवं, की २००० च्या कायद्यापासून एच-वन दुसऱ्या कंपनीत 'ट्रान्सफर' करता येतो, आणि नवीन अर्ज दाखल होताच कामही सुरू करता येतं. 'हायटेक वेठबिगार' हा शब्द म्हणूनच मला पटत नाही. दीड लाख डॉलर कमावणाऱ्याला वेठबिगार म्हणणं म्हणजे खऱ्या वेठबिगाराची थट्टा आहे. पण सौदा करण्याची ताकद ही पगाराच्या आकड्यावर नव्हे, 'नाही' म्हणता येण्यावर ठरते. ग्रीन कार्डाची रांग लागली की ती ताकद आणखी झिजते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात कर्मचाऱ्याची बायको-मुलंही मोजायची, आणि सर्वसाधारणपणे एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. एच-वन-बी मिळणाऱ्यांत ७० टक्क्यांच्या वर भारतीय असतात. एका बाजूला ७० आणि दुसऱ्या बाजूला ७, तेव्हा रांग कशी वाढली हे सांगायला गणिततज्ज्ञ लागत नाही. २०२५ संपताना या ग्रीन कार्डांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतल्या भारतीयांची पाळी २०१३ मधल्या तारखांवर, म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांवर, अडखळत होती.

या रांगेतला माणूस कंपनी बदलू शकतो, पण बहुधा पर्म पुन्हा पहिल्यापासून. रविवारच्या जाहिराती पुन्हा, अर्जांची चाळणी पुन्हा, वकील पुन्हा. एक टप्पा मंजूर झालेला असेल तर जुनी 'प्रायोरिटी डेट', म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, सोबत नेता येते. नसेल तर तीही गेली. मग बढतीने कामाचं स्वरूप बदललं तर? नवीन पदाला जुना अर्ज लागू होईल का? मॅनेजरशी पटत नाही, पण आत्ता नको, आधी तो टप्पा होऊ दे. मुलगी आता १९ ची. २१ ची झाली की तिचं 'डिपेंडंट' असणं संपेल, त्याआधी पाळी यायला हवी. अशी वर्षं जातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त वातानुकूलित खोलीतला.

आणि शेजारच्या टेबलावरचा अमेरिकन? त्याला वाटतं, याच्यामुळे माझा पगार वाढत नाही. त्यात काही अंशी तथ्यही आहे, पण कारण वेगळं आहे. ज्या टीममधल्या दहापैकी चौघांना राजीनामा देता येत नाही, तिथे उरलेल्या सहांच्या राजीनाम्याची धमकीही बोथट होते. रात्री अकराच्या कॉलला चौघे न कुरकुरता बसतात, म्हणून सहांनाही बसावं लागतं. परदेशी माणूस मोकळा झाला तर पहिला फायदा त्याचा होईल आणि दुसरा या स्थानिकाचा. कंपनीच्या दृष्टीने मात्र हा दोनदा तोटा आहे. म्हणूनच व्हिसाची संख्या वाढवा, असं खुलेपणाने सांगणाऱ्या उद्योगांच्या प्रतिनिधींकडून 'व्हिसा कर्मचाऱ्याच्या हातात द्या' ही मागणी तितक्या जोरात ऐकू येत नाही. दुसऱ्या टोकाला 'परत पाठवा' म्हणणाऱ्यांनाही ती नको असते, कारण मोकळा झालेला माणूस बहुधा तिथेच राहील.

या पार्श्वभूमीवर १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा पाहा. शुक्रवारी ट्रम्प यांनी सही केली, आणि शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीपासून नव्या एच-वन-बी अर्जाला १ लाख डॉलर लागू. ही रक्कम दरवर्षीची, असं वाणिज्य मंत्री म्हणाले. एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना, असं दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने सांगितलं. तोवर मोठ्या कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्यांना 'चोवीस तासांत परत या' असे ई-मेल धाडले होते. जे व्हिसा आधीच हातात घेऊन होते, त्यांना हा नियम लागूच नव्हता. पण आपला व्हिसा आपल्या हातात नाही, हे ज्याला रोज जाणवतं, तो अशा वेळी कलम वाचत बसत नाही, तिकीट काढतो.

या शुल्काचा परिणाम तरी काय? अमेरिकेत शिकत असलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा देशात राहूनच बदलत असेल तर ते लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. म्हणजे नामांकित विद्यापीठांतून भरती करणाऱ्या बड्या कंपन्या बऱ्याच अंशी सुटल्या. बाहेरून डॉक्टर आणू पाहणारं छोट्या गावातलं हॉस्पिटल अडकलं. पगाराच्या पायऱ्या तिथेच, ६० हजारांची पळवाट तिथेच, ६० दिवस तिथेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलट ज्याच्यासाठी १ लाख डॉलर मोजले, त्याला कंपनी सुखासुखी सोडेल का? करार, अटी, गोड शब्दांतले इशारे. दोर आणखी आवळला जाण्याचीच भीती जास्त.

त्यामानाने लॉटरीतला बदल मला बरा वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या नियमाने चौथ्या पायरीच्या पगाराला चार चिठ्ठ्या मिळतात, तिसरीला तीन आणि पहिलीला एक. नुसत्या नशिबापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं. खोट एवढीच, की पायरी ही त्या कामाच्या आणि त्या भागाच्या तुलनेत ठरते. त्यामुळे कमी पगाराच्या व्यवसायातला अनुभवी माणूस चार चिठ्ठ्या घेऊन जातो आणि त्याच्या दुप्पट पगाराचा तरुण संशोधक दोनवर अडतो. थेट पगाराच्या रकमेवर, वय आणि भाग यांची थोडी सवलत देऊन क्रम लावला असता तर हिशेब सरळ झाला असता.

देशवार मर्यादेबद्दल मात्र आपल्या बाजूनेही जरा प्रामाणिक व्हायला हवं. ७ टक्क्यांची अट काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं. पुढच्या वर्षी सिनेटने त्याचं वेगळं रूप मंजूर केलं, आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने ते बारगळलं. अट अन्यायाची आहे यात मला शंका नाही. माणसाची पाळी त्याच्या जन्मस्थानावर का ठरावी? पण १ लाख ४० हजारांचा आकडा न वाढवता ती काढली, तर आजचं भारतीयांचं ताटकळणं उद्या इराणी, नायजेरियन, ब्राझिलियन इंजिनिअरच्या वाट्याला जाईल. रांग लहान होणार नाही, रांगेतले चेहरे बदलतील. एकूण आकडा वाढवणं हे राजकीयदृष्ट्या कठीण काम आहे आणि त्याला बगल देऊन दुसरा उपाय मला दिसत नाही.

ज्याला कायद्यातल्या एकूण आकड्यांशी झगडावं लागत नाही, असा उपाय मोकळीकीचा. पहिलं वर्ष आणणाऱ्या कंपनीकडे काढावं, एवढी तिची गुंतवणूक मी मान्य करतो. त्यानंतर परवाना माणसाच्या नावावर हवा: कुठल्याही मालकाकडे, नव्या अर्जाशिवाय, ठरलेल्या किमान पगारावर; आणि नोकरी गेली तर ६० दिवसांऐवजी सहा महिने. यावर आक्षेप येतो, की मग कुठलीही कंपनी खर्च करून माणूस आणणारच नाही, वर्षभराने तो उडून जाईल. अमेरिकन कर्मचारीसुद्धा वर्षभराने उडून जाऊ शकतो. त्याला टिकवायला कंपन्या पगार वाढवतात, शेअर देतात, चांगलं काम देतात. परदेशी माणसासाठी एवढं करायची ज्यांची तयारी नाही, त्यांना तो खरंच इतका हवा होता का, हे त्यातून आपोआप कळेल.

हा उपाय हवेतला नाही, त्याची छोटी चाचणी शेजारच्या देशाने घेतली आहे. जून २०२३ मध्ये कॅनडाने जाहीर केलं, की अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्यांना आम्ही तीन वर्षांपर्यंतचा खुला परवाना देतो. मालक कुणीही चालेल, हातात नोकरी असायची गरज नाही. पगार वाढवून देऊ, असं कुणी म्हटलं नव्हतं. तंत्रज्ञानातले पगार कॅनडात अमेरिकेपेक्षा कमीच असतात, हे अर्ज करणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यातले किती जण पुढे खरोखर सीमा ओलांडून स्थायिक झाले, ही वेगळी गोष्ट. योजना वर्षभरासाठी होती, किंवा १० हजार अर्ज होईपर्यंत. १० हजार अर्ज दोन दिवसांच्या आत आले आणि खिडकी बंद झाली.